पंधरा आणे आणि निरंक

आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाती एक अमोघ अस्त्र दिलं आहे : 'फरक स्पष्ट करा'. पानाच्या मधोमध पट्टीने उभी रेघ मारता आली की मराठी माणूस जगातल्या कोणत्याही दोन गोष्टींतला फरक पाच मुद्द्यांत सांगून मोकळा होतो. एकदल आणि द्विदल, लोकसभा आणि राज्यसभा, राष्ट्रीयीकृत बँक आणि पतपेढी. डावीकडे 'असते' लिहिलं की उजवीकडे 'नसते' लिहायचं. गुण मिळतात. माझा भाचा संगणकाच्या धंद्यात आहे. त्याच्या हाताखाली नव्याने आलेल्या एका मुलाने त्याला विचारलं, 'सर, नल आणि हेक्साडेसिमल यांत फरक काय?' भाचा हे मला कपाळाला हात लावून सांगत होता.

मी म्हटलं, 'त्यात काय? रेघ मार. उजवीकडे हेक्साडेसिमलचे पाच मुद्दे लिही आणि डावीकडची नलची बाजू कोरी सोड.'

'कोरी सोडली तर शून्य मार्क पडतील, मामा.'

'शून्य देणाऱ्या परीक्षकाला नल कळलेलाच नाही.'

निवृत्त कारकुनाला हे सुचावं याचं भाच्याला नवल वाटलं. वाटायला नको होतं. माझी सगळी नोकरी सरकारी कार्यालयात विवरणपत्रं भरण्यात आणि खालच्यांकडून भरून घेण्यात गेली. रकान्यात काहीही न लिहिण्याचे किती प्रकार असतात हे हिंजवडीत कळत नाही, त्याला आवक-जावक विभागात बसावं लागतं. 'शून्य' म्हणजे मोजलं आणि एकही सापडलं नाही. 'लागू नाही' म्हणजे मोजायची वस्तूच इथे होत नाही, उदाहरणार्थ घाटावरच्या तालुक्यातल्या मासेमारी नौका. आडवी रेघ म्हणजे साहेबांना विचारून कळवतो. कोरा रकाना म्हणजे कागदाकडे कोणी पाहिलंच नाही. आणि 'निरंक' हा शब्द या चारही अर्थांनी चालतो, म्हणून तर तो सरकारदरबारी इतकी वर्षं टिकून आहे. 'माहिती निरंक आहे' असं कळवलं की वरचं कार्यालयही समाधानी आणि खालचंही.

डेटाबेसमधला नल हा असा निरंक आहे. डेटाबेसची आजची रकान्या-ओळींची पद्धत ज्यांनी १९७० साली मांडली, ते आयबीएमचे एडगर कॉड या नलमुळे बरेच बेचैन असावेत. कारण पुढे १९९०च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी सुचवलं की एक नल पुरत नाही, दोन हवेत : एक 'आहे, पण माहीत नाही' यासाठी आणि दुसरा 'लागूच नाही' यासाठी. जगाने मान डोलावली आणि एकच नल ठेवला. मला जगाचं आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडेही 'निरंक लिहिताना कारण नमूद करावे' असं परिपत्रक निघालं की कारणाच्या रकान्यात लोक निरंक लिहीत.

तर मूळ प्रश्न. खरं म्हणजे या दोघांत फरक सांगावा असं नातंच नाही. हेक्साडेसिमल ही संख्या लिहायची एक रीत आहे; नल म्हणजे काही लिहिलेलंच नसणं. एकाला लिपी म्हणा, दुसऱ्याला मौन म्हणा. तरी नवशिक्याला प्रश्न पडतो, कारण हे दोघेही त्याला एकाच पडद्यावर, एकाच संकटाच्या वेळी भेटतात. आणि घाबरायचं कोणाला, यात त्याची हमखास गल्लत होते.

हेक्स दिसायला भयंकर. संगणक बंद पडताना शून्य, एक्स, सी, मग सहा शून्यं आणि पाच असला काहीतरी शाप देऊन जातो, तो हेक्समध्ये. ते पाहून भलाभला माणूस आधी प्लग काढतो आणि मग पोराला फोन लावतो. वास्तविक हेक्ससारखा गरीब प्राणी नाही. आपण शून्य ते नऊ असे दहा आकडे वापरतो, हा सोळा वापरतो. नवानंतर आकडे संपले म्हणून ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरं हाताशी धरतो. ए म्हणजे दहा, एफ म्हणजे पंधरा. सोळा झाले की हातचा एक.

हे ऐकून मला आजी आठवली. 'हेक्साडेसिमल' हा शब्द तिच्या कानावर पडता तर तिने बोलणाऱ्याला अंगारा लावला असता. पण तिचा सगळा हिशेब षोडशमानच होता. सोळा आण्यांचा रुपया, सोळा छटाकांचा शेर. नऊ आणे आणि अकरा आणे किती, तर एक रुपया चार आणे. बोटंसुद्धा हलायची नाहीत. संगणकही नऊ आणि बी यांची बेरीज 'एक चार' अशीच लिहितो, फक्त तो ती बेरीज इंग्रजीत करतो म्हणून त्याला पगार जास्त. एफ म्हणजे पंधरा आणे, एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराने दुपारच्या झोपेच्या वेळात हेक्साडेसिमल शिकून टाकलं असतं.

१ एप्रिल १९५७ रोजी सरकारने दशमान नाणी आणून हा सगळा अभ्यास मोडीत काढला. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आण्याला सव्वासहा पैसे यायला लागले. पाव पैसा नाण्यात नसतो, म्हणून कोष्टकात एका आण्याचे सहा पैसे धरले. त्यामुळे चार आणे एकदम मोडले तर पंचवीस आणि एकेक करून मोडले तर चोवीस. त्या एका पैशावरून बाजारात किती भांडणं झाली असतील याचा विचार मी अजून करतो. आणि गंमत पाहा, इकडे आपण सोळा सोडून सात वर्षं होतात तोच १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम ३६० नावाचे संगणक आणले, आठ बिटांची बाइट रूढ केली आणि तिच्या निम्म्या भागासाठी एक असा सोळाचा हिशेब जगभर लावून दिला. आपण थोडी कळ काढली असती तर तयार मनुष्यबळ होतं.

सोळाला कोणती अक्षरं घ्यायची यावरही आधी एकवाक्यता नव्हती. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातला जुना इलियाक संगणक दहा ते पंधरासाठी के, एस, एन, जे, एफ, एल ही अक्षरं वापरत असे. बेंडिक्स जी-१५ नावाच्या यंत्राने यू ते झेड पसंत केली होती. शेवटी ए ते एफ वर सगळे शांत झाले. ते बरं झालं. नाहीतर वयाच्या साठीला के, एस, एन, जे पाठ करणं आलं असतं.

आकड्यांत अक्षरं मिसळलेली दिसली की ते हेक्स, असा मात्र एक गोड गैरसमज आहे. आमच्या सोसायटीचे सचिव गाडीच्या नंबरलाही हेक्स म्हणतात. हेक्समध्ये एफच्या पुढचं अक्षर चालत नाही, त्यामुळे 'एमएच' पहिल्याच पायरीवर बाद. गोव्याची 'जीए' एका अक्षराने हुकते, आणि गोवेकरांना त्याचं काही वाटणार नाही. सगळ्या राज्यांच्या आणि केंद्रशासित प्रदेशांच्या अक्षरजोड्या तपासल्या तर पात्र ठरते ती एकटी दमणची 'डीडी'. पॅन कार्डाचं तर बोलूच नका. व्यक्तीच्या पॅनमधलं चौथं अक्षर पी असतं आणि हेक्समध्ये पी नाही. तेव्हा भारतातला एकही माणूस प्राप्तिकर खात्याच्या दृष्टीने हेक्साडेसिमल नाही.

सहाच अक्षरं असल्यामुळे प्रोग्रामर मंडळी फावल्या वेळात त्यांतून शब्द जुळवतात. 'डेडबीफ' हा त्यांचा आवडता शब्द, आणि जावा भाषेतल्या प्रत्येक तयार फाइलच्या कपाळावर 'कॅफेबेब' असं हेक्समध्ये कोरलेलं असतं. एवढ्या थोर यंत्राच्या कपाळी चहाच्या टपरीवरचा विनोद! मी म्हटलं, आपणही पाहू. रोमन अक्षरांत लिहिलं तर 'दादा' बसतो, 'बाबा' बसतात, 'आबा' बसतात. आई बसत नाही, ताई नाही, मामा-काका नाहीत, मावशीचा तर प्रश्नच नाही. भाच्याने किमतीही काढून दिल्या : दादा ५६,०२६, बाबा ४७,८०२ आणि आबा अवघे २,७४६. म्हणजे घरातल्या ज्येष्ठांचं वजन पिढीगणिक किती उतरतं हे यंत्रालाही ठाऊक आहे. दादा बाबांना ८,२२४ ने भारी, हे तर मी ताईच्या घरी रोजच पाहतो.

तुम्ही हा लेख मोबाइलवर वाचत असाल तर त्यातलं प्रत्येक अक्षरही हेक्सच्या पत्त्यावर राहायला आहे. अ राहतो ०९०५ ला, क ०९१५ ला, आपला लाडका ळ ०९३३ ला. देवनागरीतल्या शून्यालाही पत्ता आहे : ०९६६. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. शून्य कितीही पोकळ असलं तरी त्याच्या दारावर पाटी आहे, पोस्टमन तिथे पोचतो. नलच्या नावाने पत्र टाकाल तर ते पोचतही नाही आणि परतही येत नाही.

रंगांचं तसंच. भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेसाठी छपाईवाल्याने रंगाचा हेक्स कोड मागितला. ताई म्हणाली, अबोली. तो म्हणाला, कोड सांगा. लाल, हिरवा, निळा यांना दोन-दोन आकडे, असे सहा आकडे मिळून संगणक १,६७,७७,२१६ रंग दाखवतो; पण अबोली, मोरपंखी, डाळिंबी, चिंतामणी यांपैकी एकाचंही नाव त्याला माहीत नाही. सहा वेळा एफ म्हणजे पांढरा, सहा वेळा शून्य म्हणजे काळा. तेव्हा लक्षात ठेवा, काळा हा शून्य आहे, नल नाही. काळा छापायला शाई लागते. नल म्हणजे ताईने रकाना कोरा सोडला आणि छपाईवाल्याने स्वतःच्या मनाने गुलाबी लावला, तो मधला क्षण. पत्रिका गुलाबीच आल्या.

आता नलकडे वळू. हा दिसत नाही, गुरगुरत नाही, पडद्यावर शाप देत नाही. त्याचे उपद्व्याप कळतात ते लग्नाच्या मांडवात. भाच्याने बहिणीच्या लग्नाची पाहुण्यांची यादी डेटाबेसमध्ये घातली. फार अभिमानाने. पुण्यात राहणाऱ्यांना एक निरोप, पुण्यात न राहणाऱ्यांना दुसरा, त्यात मुक्कामाची सोय. यंत्राला विचारलं, शहर पुणे आहे असे कोण? यादी आली. शहर पुणे नाही असे कोण? दुसरी यादी आली. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण पाहुण्यांपेक्षा कमी. ज्यांच्या शहराचा रकाना कोरा होता ते दोन्हीकडून गळाले. कारण 'नल हे पुणे आहे का?' याचं यंत्राचं उत्तर 'नाही' असं नसून 'सांगता येत नाही' असं असतं. 'नल हे पुणे नाही का?' यालाही उत्तर तेच. आणि ज्याच्याबद्दल सांगता येत नाही, त्याला यादीत घेत नाहीत. खरं आणि खोटं यांच्या जोडीला 'माहीत नाही' असं तिसरं उत्तर डेटाबेसच्या तर्कशास्त्रात आहे. माणूस पुण्याचा आहे की पुण्याबाहेरचा यापलीकडे तिसरी शक्यता असते, हे पुण्यात मात्र अजून कोणी मान्य केलेलं नाही.

या गळालेल्यांत ताईच्या चुलत नणंदबाई होत्या. पुढचं सांगत नाही.

नलचा दुसरा गुण म्हणजे तो लागट आहे. मूळ पगारात भत्ता मिळवायचा आणि भत्त्याचा रकाना नल असेल, तर बेरीज मूळ पगार येत नाही, नल येते. तीस हजार अधिक माहीत नाही, बरोबर माहीत नाही. तर्क बिनचूक आहे, फक्त त्यावर किराणा भरता येत नाही. सरासरी काढताना मात्र हाच यंत्रोबा नलना मोजतच नाही. वर्गातल्या गैरहजर मुलांचे गुण कोरे ठेवा, वर्गाची सरासरी फुगते. काही मुख्याध्यापकांना हा शोध डेटाबेसच्या आधीच लागला होता.

आणि सगळ्यांत कहर म्हणजे नल स्वतःलाही ओळखत नाही. नल बरोबर नल आहे का, असं विचारलं तर उत्तर 'हो' येत नाही. दोन माणसांचे वाढदिवस आपल्याला माहीत नाहीत म्हणून ते एकाच दिवशी येतात असं कसं म्हणणार? पटतं. पण त्याच नोंदींचे गट पाडा म्हटलं, की सगळे नल एका गटात. रोटी-बेटी व्यवहार नसलेल्या मंडळींना जेवायला मात्र एकाच पंगतीत बसवावं, तसं. भाच्याला यातली विसंगती दाखवली तर म्हणाला, 'मामा, हे प्रमाणित आहे.' मी गप्प झालो. 'शासन निर्णय आहे' म्हटल्यावर मीही लोकांना असाच गप्प करीत असे.

प्रोग्रामरांच्या घराण्यातला नल थोडा निराळा. मेमरीतल्या वस्तूकडे जायला एक पत्ता लागतो, आणि पत्ता नसेल तर तिथे नल ठेवतात. ही सोय १९६५ मध्ये टोनी होर यांनी अल्गोल-डब्ल्यू या भाषेत घातली, मुख्यतः घालायला फार सोपी होती म्हणून. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मला हे गृहस्थ थोर वाटतात. आमच्याकडे चुकीची रक्कम निश्चित करायलाच समिती बसते. प्रोग्राम त्या नसलेल्या पत्त्यावर जातो, दार ठोठावतो आणि कोसळतो. मघाचा शून्य-एक्स-सी वाला शाप आठवतो? त्यामागे पुष्कळदा हाच असतो. करून जातो नल आणि नाव छापून येतं हेक्सचं.

१२ जून २०२५ रोजी गूगलच्या क्लाउड सेवा जगभर काही तास आडव्या झाल्या, त्याचं मूळही हेच निघालं. धोरणाची एक नोंद काही रकाने कोरे ठेवून भरली गेली, ती काही सेकंदांत जगभरच्या केंद्रांत पोचली आणि प्रत्येक ठिकाणी त्या कोऱ्या जागेवर पाय देऊन प्रोग्राम पडला. कोरा रकाना इतक्या वेगाने पसरू शकतो हे मला नवीन होतं. आमच्याकडे तो जिल्ह्याहून मंत्रालयात जायला एक तिमाही लागे.

कॅलिफोर्नियातल्या एका संगणक-सुरक्षा संशोधकाने गाडीसाठी हौसेने नंबरप्लेट घेतली, तिच्यावर चार रोमन अक्षरं : नल. कल्पना अशी, की यंत्रं गोंधळतील आणि दंडाची पावती आपल्यापर्यंत येणार नाही. झालं उलटं. ज्या ज्या पावतीवर गाडीचा नंबर लिहायचा राहिला होता, त्या सगळ्या पावत्यांचा मालक यंत्राला सापडला. बारा हजार डॉलरांहून अधिक दंड त्याच्या नावे जमा झाला. २०१९ मध्ये डेफ कॉन या परिषदेत त्याने ही कथा सांगितली. निरंक आडनावाचा एखादा गृहस्थ महाराष्ट्रात असता, तर राज्यातल्या सगळ्या न झालेल्या कामांची जबाबदारी त्याच्यावर निश्चित झाली असती.

नलची ही कटकट नको म्हणून लोक त्याच्या जागी काहीतरी ठोकून देतात. यात आपले गावोगावचे गुरुजी जगाच्या पुढे होते. पोराला शाळेत घालायला आणलं, जन्मतारीख विचारली तर बाप म्हणायचा, 'मोठ्या पुराच्या साली.' हजेरीपटात 'मोठा पूर' लिहिता येत नाही आणि रकाना कोरा ठेवला तर साहेब ओरडतो. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून गुरुजींनी लिहिलं १ जून. अशी हजारो पोरं महाराष्ट्रात १ जूनला जन्मली, मीही त्यांतलाच. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला नोकर आदल्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम. त्यामुळे ३१ मेला कार्यालयात हारांचा भाव वाढतो, एकाच खोलीत पाच-सहा निरोप समारंभ उरकतात आणि प्रत्येकाबद्दल 'यांची जागा भरून निघणार नाही' असं सांगितलं जातं. ती खरोखरच भरत नाहीत, पण तो विषय वेगळा.

संगणकाचा १ जून म्हणजे १ जानेवारी १९७०. त्याचं घड्याळ तिथून सेकंद मोजतं, म्हणून तारीख माहीत नसून कोणी शून्य भरलं तर तो दिवस उमटतो, भारतात पहाटे साडेपाचला. एक्सेल त्याहून जुन्या घराण्यातलं. शून्याला तारीख समजून दाखव म्हटलं तर ते ० जानेवारी १९०० असं बिनदिक्कत दाखवतं. शून्य जानेवारी! अधिक महिना बसवणाऱ्या आपल्या पंचांगकर्त्यांनाही हे धाडस झालेलं नाही.

आता भाच्याचंच लग्न ठरवायचं चाललं आहे. ताईने एका वधूवर संकेतस्थळावर त्याचं नाव नोंदवलं. जन्मवेळ तिला आठवत नाही. दूधवाला येऊन गेला होता की यायचा होता, यावर तिचं आणि भावजींचं अजून एकमत नाही. म्हणून तिने रकाना कोरा ठेवला. संकेतस्थळाने तिथे आपल्या मनाने रात्रीचे बारा भरले. त्या वेळेवरून लग्न काढलं आणि मंगळ नेमका सातव्या घरात जाऊन बसला. भाच्याने ताईला तासभर समजावलं, की तो मंगळ नाही, तो नलचा शून्य झाला आहे. ताईने गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, शून्याची शांत आमच्याकडे होत नाही, मंगळाची होते.

तेवढ्यात एका मुलीकडून विचारणा आली. शिकलेली, नोकरी करणारी, तीही मंगळाची. भाच्याने तिची माहिती उघडून पाहिली. जन्मवेळ : रात्रीचे बारा.

'आई, त्यांनीही रकाना कोरा ठेवलाय! दोन नल एकमेकांशी जुळले असं कधीच म्हणता येत नाही...'

'गुरुजींनी म्हटलंय,' ताई म्हणाली, 'अठ्ठावीस गुण जुळतात. तू मामाशी गप्पा मारणं थांबव आणि रविवारी दाढी करून ये.'